अठरा दिवसांची विहीर

मी फार शिकलेला नाही. दुसरी यत्ता झाली आणि कर्जतला भाताच्या वखारीत मापारी म्हणून लागलो. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचं, हीच माझी शाळा. पावकी, दिडकी, अडीचकीचे पाढे तोंडपाठ. पुढे खांदा निखळला आणि पायली हातातून गेली. गावच्या शाळेत लिहिणं-वाचणं बघायला गुरुजी होते, गणिताला कोणी नव्हतं. मंडळींनी विचारलं, “जमेल का रं तुला?” मी उसळलो, “मला न येणारा हिशेब अजून जन्माला यायचाय!”

शाळा मारुतीच्या देवळात भरे. शाळा तपासणाऱ्या डिपोटीसाहेबांची परीक्षा दोन दिवसांवर आली होती. पोरं गणितात नापास झाली तर शाळा बंद, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. आणि पुस्तकातलं त्रैराशिक माझ्या डोक्यात शिरेना. गुरुजींना विचारायचं तर मान खाली घालावी लागली असती. मनात मारुतीला म्हणालो, सांभाळ. पण मला येत नाही, असं काही त्यालाही म्हणालो नाही.

गणित होतं : चार माणसं बारा दिवसांत विहीर खणतात, तर सहा माणसं किती दिवसांत? मापाऱ्याची अक्कल ती. मापं वाढली की भात वाढतं, तसे दिवसही वाढणार. मी फळ्यावर अठरा लिहिले आणि पोरांकडून मोठ्याने घोकून घेतले.

पायरीवर लाकडाची मोळी टेकवून एक ठाकरीण म्हातारी दम खात बसली होती. ती खुदकन हसली. “मास्तर, आमच्या वाडीवं दोन मानसं जादा आली का लावनी लवकर उरकते. तुज्या गावात मानसं कामाला येतात का निजायला?”

पोरं खो खो हसली. माझ्या कानशिलात आग उठली. “आपली मोळी उचल आणि चालू लाग,” मी ओरडलो. ती मोळी उचलून गेली. वळून पाहिलं तर फळ्यावर अठरा, आणि त्यामागे शेंदराने माखलेला मारुती. तेव्हा उमगलं, माणसं वाढली की दिवस घटतात. अंगातला ताठाच गळाला. पोरांसमोर कान धरले आणि म्हणालो, “चुकलो रं. आठ दिवस.”

परीक्षेला साहेबांनी नेमकं तसलंच घातलं. सहा मजूर दहा दिवसांत बांध घालतात, तर पंधरा मजूर? सगळ्या पाट्यांवर चार. साहेब खूश झाले. “कोणी शिकवलं?” मान ताठ व्हायला लागली होती, पण तोंडातून निघालं, “एका मोळीवालीनं, साहेब.” ते हसले आणि वहीत शेरा लिहिला. शाळा राहिली.

तिला मी कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर, आठवड्याच्या बाजारात पुष्कळ शोधलं. भेटली नाही. ती कोण, कुठली, यावर मी वाद घालत नाही. मारुतीने माझं ऐकलं एवढं मला ठाऊक आहे, आणि तेही मी नीट मागितलं नसताना. पुढे म्हातारा होईतो गणित शिकवलं. अडलं की पोरांसमोर सरळ म्हणायचो, “मला येत नाही, बघू या.” हे म्हणताना जितकं हलकं वाटे, तितकं कधी बरोबर उत्तर काढूनही वाटलं नाही. एकच सल राहिली. ती उन्हातून आली होती आणि मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. आता पायरीवर कोणीही टेकलं, की मी आधी तांब्या घेऊन उठतो.