तिघांचे लाडू

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार माझ्या आत्याचे आहेत. आमच्या गावी, कऱ्हाटीला, सातवी झाली, तेव्हा मला आता शेळ्यांमागं धाडायचं असं घरात ठरलं होतं. आत्या इंदापूर तालुक्यातल्या तिच्या गावाहून आली आणि मला दप्तरासकट घेऊन गेली. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेलेला. वांगी आणि गवार बाजारात नेऊन तिनं माझी शाळा केली, मग बारामतीच्या कॉलेजात घातलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तिच्यामुळं.

नोकरी लागली ती कोकणात, समुद्रकाठच्या एका तालुक्याच्या गावी. कार्यालयात कनिष्ठ लिपिक. निघताना एसटी स्टँडवर आत्या म्हणाली, "करमत नसंल तर परत ये बाबा. एकटं ऱ्हाऊन झुरायला न्हाय शिकवलं तुला."

मला करमत नव्हतं. पण परत जाणं म्हणजे तिची इतकी वर्षं पाण्यात घालण्यासारखं होतं. म्हणून पहिल्याच महिन्यात मी तिला फोनवर दोन मित्र सांगितले. एक पट्टीचा पोहणारा, दुसरा माशांशिवाय न जेवणारा. दोघंही खरे नव्हते.

कार्यालयातली माणसं वाईट नव्हती. पाच वाजले की ज्याला त्याला घर होतं, एवढंच. रविवारी मी मिळेल ती एसटी धरायचो. सुरूच्या बनामागचा लांब किनारा पाहिला, खाडीतली कांदळवनं पाहिली, दीपगृहाच्या पायऱ्या मोजल्या. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, दुपारभर चाललो तर एक गुराखी आणि दोन म्हशी, एवढीच भेट. किनाऱ्यावर लोक मला त्यांचा फोटो काढायला सांगत. मी काढून देई, फोन परत करी आणि पुढं चालू लागे. संध्याकाळी आत्याला सांगायचो, आज आम्ही तिघं इथं गेलो होतो. ती विचारायची, "त्यो मासंखाऊ पाण्यात उतरला का न्हाय?" मी म्हणायचो, नाही, तो भितो. ती हसायची.

दिवाळीला गावी गेलो, तेव्हा तिनं शेंगदाण्याचे लाडू केले. निघताना जुन्या लुगड्याच्या फडक्यात तीन पुरचुंड्या बांधल्या. "एकेक त्यास्नी दे. गोड कमी पडलं असंल तर सांगा म्हणावं."

पुढच्या रविवारी त्या तिन्ही पुरचुंड्या पिशवीत घेऊन मी सकाळी सात वाजता एका किनाऱ्यावर पोचलो. समोर लहानसं बेट होतं. खडक, थोडं गवत, वर एक वाकडं झाड. मधलं पाणी हटलं होतं आणि ओल्या वाळूतून सरळ वाट पडली होती. मी चालत गेलो.

यात धोका आहे हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही, कारण मला ठाऊक असलेलं पाणी उजनी धरणाचं. उन्हाळ्यात ते मागं सरतं, आणि सरलं की पावसाळ्यापर्यंत येत नाही. उघड्या पडलेल्या गाळात आमच्याकडं लोक पेरणी करतात. आत्याचं सासरचं घर धरणात गेलेलं. पाणी फार आटलं की जुन्या गावातलं मारुतीचं देऊळ वर येतं. आत्या मला घेऊन तिथं चालत जायची, नारळ फोडायची आणि एका दगडावर बसून म्हणायची, "हितं माझी चूल हुती." आम्ही दिवसभर बसत असू. पाणी होतं तिथंच राही.

बेटावर एक बाई कोयतीनं खडकावरची कालवं काढत होती. तासाभरानं ती टोपली घेऊन उठली. जाताना थांबली.

"तुमच्यावांगडा कोण नाय?" तिनं विचारलं. सोबत कुणी नाही का, असं.

"नाही."

"मगे चला. पाणी भरतला."

मला वाटलं, ती पाणी भरायला जायचं म्हणतेय. "तुम्ही व्हा पुढं," मी म्हणालो आणि झाडाखाली जाऊन बसलो. जरा डोळा लागला. उठून पाहिलं तर वाट नव्हती. किनाऱ्यापर्यंत नुसतं पाणी, आणि ते वाढत होतं. मला पोहता येत नाही.

थोड्या वेळानं एक म्हातारा होडी घेऊन आला. त्या बाईनंच त्याला पाठवलं होतं. खडकांमुळं त्याला जवळ येता येईना. लांबूनच त्यानं विचारलं, "घाटावरचे काय?"

"व्हय," माझ्या तोंडून गावचंच निघालं.

"तरीच. पाणी गेला तो कायमचा गेला, असा वाटला तुमका? वर झाडाखाली बसा, थंय पाणी येना नाय. चार-पाच वाजता चलत येवा." पाण्याची बाटली त्यानं माझ्याकडं भिरकावली. "बायलेक सांगतंय, माणूस जितो आसा," म्हणाला आणि वल्ही मारत गेला. कालवं काढणारी ती त्याची बायको होती.

दुपारी आत्याचा फोन आला.

"कुठं हायस?"

"बेटावर."

"त्ये दोघं हायत न्हवं संगं?"

भोवती सगळीकडं पाणी होतं. "हायत," मी म्हणालो.

"लाडू दिलं का त्यास्नी?"

"दिलं."

फोन ठेवला. भूक लागली होती. आधी माझी पुरचुंडी सोडली. मग पोहणाऱ्याची. तिसरीची गाठ तिनं इतकी घट्ट मारली होती, की दातांनी सोडावी लागली. तेव्हा मला रडू आलं. पाच वाजता वाट मोकळी झाली, मी चालत परत आलो आणि खोलीवर पोचल्याबरोबर लिहायला बसलो. आत्याला पत्रच आवडतं. फोनवरचं विरून जातं, कागद उशाखाली राहतो, असं ती म्हणते. ते पत्र असं:

आत्या,

तुला नमस्कार. मी सुखरूप आहे, हे आधी वाच.

मला इथं मित्र नाहीत. पोहणाराही नाही आणि मासे खाणाराही नाही. मी सगळीकडं एकटाच जातो. तुला काळजी वाटेल आणि तू परत बोलावशील, म्हणून खोटं सांगितलं. लाडू तिन्ही मीच खाल्ले. गोड बरोबर होतं.

आज मी पाण्यात अडकलो होतो. इथलं पाणी आपल्यासारखं नाही, सकाळी गेलेलं दुपारी परत येतं. मला ते माहीत नव्हतं. एक बाई चल म्हणाली होती, मी ऐकलं नाही. उद्या कार्यालय सुटलं की तिच्या घरी जाऊन तिच्या माणसाची बाटली परत देणार आहे. इकडं आल्यापासून कुणाच्या घरी जायची ही माझी पहिलीच वेळ.

मी नोकरी सोडत नाही. करमत नाही, पण राहीन. घर पाण्यात गेल्यावर तू त्या काठाला कशी राहिलीस, हे मी तुला कधी विचारलं नाही. ते मला लिहून कळव. सावकाश लिही, पण तूच लिही, शेजारणीकडून लिहून घेऊ नकोस.

गवार निघाली की इकडं ये. तुला ते बेट दाखवतो. पाण्याची वेळ मी आधी विचारून ठेवीन. लाडू आणलेस तर एकाच फडक्यात बांध.

तुझा भाचा