ट्रंकेखालची चाळीस झाडं

नवऱ्याची रजा अचानक आधी मंजूर झाली, म्हणून माझं लग्नही आधी उरकलं. फौजीच्या घरात मुहूर्त पंचांग काढत नाही, पलटण काढते. मी सांगलीच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा लग्नानंतर दहा दिवसांवर आली होती. चाळीस झाडं गोळा करून, दाबून, वाळवून, ओळखून नेल्याशिवाय बसू देत नसत. माझी चौतीस झाली होती.

सासर पलूसजवळ मळ्यात. चहूकडे ऊस, उसात हवं तेवढं तण, आणि मला उंबरा ओलांडायची बंदी. "अंगावरची हळद जाईपातूर नव्या नवरीनं भाईर पडायचं न्हाई," सासू म्हणाल्या. खिडकीतून बांधावरची फुललेली एकदांडी दिसायची आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा.

"आवं आत्याबाई, तुमी तरी थोडं तण आणून द्या की," शेवटी मी सासूंना म्हटलं.

त्यांनी ओटीभर आणलं. वर प्रेमानं भाजीसारखं निवडूनही ठेवलं! मुळं छाटलेली, फुलं खुडून उकिरड्यावर. फुलाशिवाय झाडाचं कूळ सांगायचं कशावरून? मी ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पदरातून सहा झाडं आणली, मातीसकट. "मुंगीबी झटकली न्हाई बघ," म्हणाल्या. नवऱ्याच्या काळ्या ट्रंकेखाली ती वर्तमानपत्रांत दाबली. चाळीस भरली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी गठ्ठा सासऱ्यांपुढे ठेवला आणि सांगलीला जाऊ द्या म्हटलं. त्यांनी चष्मा लावून वरचा कागद वाचला. कोपऱ्यात गोळा करणारीचं नाव होतं, माझं माहेरचं. या घरात मात्र ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं दुसरंच नाव लिहिलं गेलं होतं.

"या नावाची पोरगी आपल्यात न्हाई," ते शांतपणे म्हणाले आणि गठ्ठा परत दिला. नवरा दारातच उभा होता.

झाडांच्या शास्त्रात नियम आहे, पहिलं रीतसर दिलेलं नाव तेच खरं, मागून कुणी कितीही नावं ठेवोत. मला तो तोंडपाठ होता. तरी तोंड उघडलं नाही, याचा राग मला अजून येतो.

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या वेळेला मी आत्याबाईंसोबत माठाची भाजी निवडत बसले होते. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. फुलं मीच खुडून टाकत होते.