तिसऱ्या हाकेची मंगरीबाई

मंगरीबाईला बोलवायचं तर तीनदा हाक मारावी लागे. पहिल्या हाकेला ती ढिम्म हलत नसे, दुसरीला मान वळवी आणि तिसरीला "का म्हनता बाई?" म्हणत उठे. आई वैतागायची, "कानात बोळे घातलेत का गं?" मंगरीबाई शांतपणे सांगायची, "कान साजरे हायेत बाई. पन जंगलातलं जे असते ना, थे एकडाव हाक मारते. लई झालं तं दोनडाव. तिसरी हाक मानसाचीच."

पन्नास सालानंतरचे ते दिवस. वडील आरमोरीपलीकडे, अगदी जंगलाला टेकलेल्या एका गावात मास्तर होते. मंगरीबाई आमच्याकडे धान कांडायला यायची. उंच, काटक बाई, आणि बोलणं मोजकंच. तिची लेक इमली आठ वर्षांची असताना मोहफुलं वेचता वेचता कुणाला तरी ओ देऊन झाडीत शिरली, ती परत आलीच नाही. वाघाने नेली, असं सारं गाव म्हणे. मंगरीबाई एकटी म्हणे, "वाघ नेते तं काईतरी मांगं ठेवते."

तिच्याबरोबर चैतात पहाटे मीही मोह वेचायला जायची. संगतीला माझा मोती. पांढरा, डावा कान फाटलेला आणि इतका भुंकणारा की वडील त्याला शाळा तपासायला आलेले साहेब म्हणत. एका सकाळी झाडांमागून आईचा आवाज आला, "सुमे!" मी "ओ" दिली. मग आठवलं की आई घरी चुलीपुढे आहे. मंगरीबाईने टोपली फेकून मला कवेत गच्च धरलं. मोती मात्र आवाजाकडे धावत सुटला. एकदाच भुंकला, पुढे काहीच ऐकू आलं नाही.

आठव्या दिवशी तो अंगणात बसलेला दिसला. मी आनंदाने धावले आणि अर्ध्यात थांबले. त्याचा उजवा कान फाटलेला होता, डावा धड होता. आई म्हणाली, "उजवाच होता गं." वडीलही तेच म्हणाले. तो भुंकत नव्हता. भाताला तोंड लावत नव्हता, वाळत घातलेली मोहफुलं तेवढी खायचा. गावची कुत्री त्याला पाहून शेपूट घालत.

मंगरीबाईने त्याचे कान चाचपले. "हा मोती नोहे, पोरी. ओ तू देल्ली, तुह्या बदली मोती गेला. हा तिकडचा हाये."

मला भीती वाटायची, तिला वाटत नसे. रोज दुपारी ती त्याच्या कपाळाला कपाळ लावून गोंडीत काहीतरी पुटपुटायची. एकदा मी विचारलं, "काय बोलतेस त्याच्याशी?"

"इमली काय खाते म्हून इचारून राह्यली," ती म्हणाली.

मी मोतीसाठी रडून रडून जेवण सोडलं होतं. एके सकाळी मंगरीबाई दोरी घेऊन आली आणि तिने ती त्या कुत्र्याच्या गळ्यात बांधायला मला सांगितलं. मी बांधली.

"तुले मोती पाह्यजे ना? मंग दोरी माह्या हातात दे. तूच देल्ली पाह्यजे."

"मोती येईल?"

"मोती येईन. पन तिकडं फुकट काई भेटत नाई. एक घेते, तवा एक सोडते."

ती काय म्हणते आहे ते मला कळलं होतं. आठ वर्षांच्या पोरीला जेवढं कळतं तेवढं नक्कीच कळलं होतं. तरी मी दोरी दिली. नवं लुगडं नेसून, पदरात शिळा भात बांधून ती माहेरी निघाल्यासारखी झपझप गेली. कुत्रा तिच्या पुढे चालत होता.

तिसऱ्या दिवशी मोती भुंकतच घरात घुसला. डावा कान फाटलेला, अंगभर गोचिडं, भुकेला. आईने वाढलेला सगळा भात त्याने फस्त केला. मी त्याच्या गळ्यात पडले, त्याला नाल्यावर नेऊन न्हाऊ घातलं, दिवसभर त्याच्यामागे नाचले. गावाने नंतर मंगरीबाईला पुष्कळ शोधलं, पण ती सापडली नाही. तिला इमली भेटली असेल, असं मी इतकी वर्षं मनाला समजावत आले आहे. पण मोती परतला त्या संध्याकाळी "अगं, मंगरीबाई कुठे आहे?" असं आईने विचारेपर्यंत मला तिची आठवणसुद्धा झाली नव्हती.