देवकाबाई बसून राहिल्या

बोरगाव मेघेतल्या देवकाबाईंनी एकही हळदीकुंकू कधी शेवटपर्यंत पाहिलं नव्हतं. नळाचं पाणी यायचं नेमकं संध्याकाळी. मग मोटर लावून निघायचं आणि वाण हातात पडायच्या आत "टाकी भरली असन माही" म्हणत घरी पळायचं. नवऱ्यावर सोपवावं, तर अण्णाजी पेपर वाचता वाचता अंगणाचं तळं करून ठेवत.

यंदा मुलानं, आदेशनं, प्लंबर आणून टाकीत सेन्सर बसवून घेतला. टाकी भरली की मोटर आपोआप बंद. देवकाबाईंचा विश्वास बसेना. रोज संध्याकाळी त्या मान वर करून अंगणात उभ्या राहायच्या. थेंबही सांडला नाही, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

संक्रांतीला शेजारच्या इंदिरा मॅडमकडे त्या भिंतीला टेकून ऐसपैस बसल्या. तेवढ्यात बाहेर धो धो पाणी कोसळू लागलं. सगळ्या बायका त्यांच्याकडेच पाहू लागल्या.

"पळा देवकाबाई, तुमची टाकी," इंदिरा मॅडम हसत म्हणाल्या.

"माही नोहे ते," देवकाबाई जागच्या हलल्या नाहीत. "माही आता आपोआप बंद होते."

मॅडमचं हसू मावळलं. तबक तिथंच ठेवून त्या मोटर बंद करायला आत धावल्या.

देवकाबाईंनी ते तबक उचललं आणि राहिलेल्या बायकांना सावकाश हळदकुंकू लावलं.