कोरडा रेडिएटर

आम्ही बौद्ध. घरात अंगारा-धुपारा नाही, गाडीला लिंबू-मिरचीसुद्धा नाही. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर हसायचे. पण माझ्या दिराचा, संतोषभावजींचा, डावा डोळा माझ्यासमोर गेला... आणि तो कशानं गेला, हे मला आजही सांगता येत नाही. म्हणून लिहितेय.

वडवणी-माजलगाव रस्त्याला आमचं गॅरेज. भावजी इंजिन बघतात, मी जुन्या गाड्यांचे मीटर – तबकडीवरचे उडालेले आकडे रंगवायचे, काटे नि काचा बसवायच्या. त्या वर्षी दुष्काळात ऊस जळाला, जवळचा सहकारी कारखाना बंद पडला आणि चेअरमनची जुनी अँबेसिडर लिलावात निघाली. भावजींनी ती घेतली. नवरदेवाच्या वरातीला भाड्यानं द्यायची, असं त्यांच्या मनात होतं.

डॅशबोर्ड उन्हानं तडकलेला. स्पीडोमीटर मुकाट्यानं निघाला, टेंपरेचर मीटरनं मात्र घाम काढला. त्याच्या मागं लांब बारीक नळी असते, टोकाला पितळी बोंड. ते इंजिनात बसतं. तपासताना बोंड उकळत्या पाण्यात बुडवतात. आता टँकरची वाट बघत बसलेले आम्ही पाणी कुठलं उकळणार? मी बोंड चहाच्या पातेल्यात बुडवलं! काटा वर चढला.

"वैनी, त्यो चहा आता पाव्हण्यांनाच पाजा," भावजी म्हणाले.

बोंड पुसून मी मीटर फळीवर ठेवला. काटा खाली आला.

भर दुपारी ऊसतोडीला आलेली एक म्हातारी दारात आली. "घोटभर पानी द्या, बाबा."

आमच्या ड्रमला कुलूप होतं. तेव्हा सगळ्यांच्याच ड्रमला असायचं.

"पानी न्हाई, म्हातारे. चल, फूट!" भावजी बॉनेटखालूनच खेकसले.

मला राग आला. किल्ली घ्यायला उठले तोच फळीवरचा काटा थरथरला आणि सरसर लाल पट्ट्यात गेला. बोंड तर कोरडं, फळीवर पडलेलं! भावजी रेडिएटरचं झाकण फिरवत होते.

"भावजी, तोंड मागं घ्या!"

"कावून?" म्हणत त्यांनी मान वळवली. म्हणूनच उजवा डोळा वाचला.

झाकण उडालं. उकळतं पाणी तोंडावर आदळलं, पुन्हा आदळलं. भावजी गुरासारखे ओरडत गाडीवर, भिंतीवर धडकत राहिले. मी पदर लावला तर गालाची कातडी पदराला चिकटून आली. त्या म्हातारीनंच त्यांचे पाय धरले, मी खांदे. तसंच रिक्षात घालून बीड गाठलं.

आणि रेडिएटर? लिलावापासून कोरडा ठणठणीत. खालची पाण्याची नळी काढून मीच भिंतीला टांगली होती. त्यात तांब्याभर पाणी ठरलं नसतं.

पुढं कारखान्याचे एक जुने वॉचमनकाका भावजींना बघायला आले. गाडी दिसताच दारातच थांबले.

"मागच्या दुष्काळात ह्याच गाडीपाशी एका तोडकऱ्यानं पानी मागितलतं. गाडीतल्या लोकायनी त्याचं मुंडकं धरून तापल्या रेडिएटरवर दाबलं अन् झाकण उघडलं. 'पी' म्हनले, 'लागंल तेवढं पी.'"

गाडी भंगारात गेली. ड्रमचं कुलूप भावजींनी स्वतः फोडलं. मीटर फेकून द्या म्हणतात, पण मी तो खिडकीत ठेवलाय. त्याला ना नळी राहिली, ना बोंड. तरी कधीकधी काटा थरथरतो. का, ते माहीत नाही. मी विचार करत बसत नाही... तांब्या भरते आणि दाराकडं पळते. अजून एकदाही दार रिकामं नव्हतं.