मामांची बाहेरची बादली

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, कुठल्याही नव्या गोष्टीचा भरवसा नसे. नवी चप्पल चार दिवस उंबऱ्याबाहेर पडून राही. नवी चादर उन्हात वाळत बसे. आठवडी बाजारातून आणलेली मेथीची जुडी मिठाच्या पाण्यात बुडून निघाल्याशिवाय तिला स्वयंपाकघराचं दर्शन नव्हतं. भूमच्या गुरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. उभा जन्म जनावरांच्या जखमा धुण्यात आणि लोकांना एकच गोष्ट सांगण्यात गेला. "बाजारातनं आणलेलं जनावर थेट गोठ्यात बांधू नका. आधी लांब बांधा. काय घिऊन आलंय ते कळू द्या." लोक मान हलवत आणि जनावर थेट गोठ्यात बांधत. निवृत्तीनंतर ऐकायला तेवढेही लोक उरले नाहीत, तेव्हा मामांनी हा कायदा घरातच लागू केला.

त्या कायद्याला खरं काम मिळालं ते फिशटँकमुळं. पुढच्या खोलीतला भाडेकरू बदली होऊन गेला तेव्हा माशांची काचेची टाकी मागं ठेवून गेला. आत मूठभर रंगीत मासे आणि प्लास्टिकची हिरवी झाडं. मामांनी दोन दिवस खुर्ची टाकून त्या टाकीकडं बघितलं आणि तिसऱ्या दिवशी प्लास्टिक उपसून फेकून दिलं. "जनावरापुढं खोटा चारा टाकतात व्हय?" मग ओळखीच्या एस.टी. कंडक्टरला सांगून सोलापूरहून खरी झाडं मागवायला सुरुवात झाली. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते पुडकं घ्यायला मामा स्वतः स्टँडवर जात. मामींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे अजिबात पटत नसे. "माणसाच्या नळाला आठवड्यानं पाणी," त्या शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "अन् ह्येंच्या माशांना बगीचा पायजे."

पुडकं घरी आलं की ओसरीवर पाट मांडला जाई. दवाखान्यातून निवृत्त होताना सोबत आलेला चिमटा, कात्री, एक जुना टॉवेल. रोपाची प्लास्टिकची कुंडी काढायची, मुळांभोवतीचा लोकरीसारखा बोळा चिमट्यानं तंतू तंतू करून सोडवायचा. पिवळी, कुजकी पानं देठापासून कापायची. फार लांबलेली मुळं छाटायची, त्याला मामा 'खुरं साळणं' म्हणत. मग प्रत्येक पान उलटं करून उजेडाकडं धरायचं, कारण गोगलगाईची अंडी पानाच्या पोटाला चिकटलेली असतात, पारदर्शक डिंकाच्या थेंबासारखी. "गोचीड काय पाठीवर बसून हाका मारतो का?" मामा म्हणत. "कानात असतो. लपलेलं बघायला शिकावं माणसानं."

एवढं झालं की रोपाला तुरटीच्या पाण्यात बुडवून ठेवायचं, नितळ पाण्यानं खळखळून धुवायचं आणि मग त्याची रवानगी बाहेरच्या बादलीत. ही बादली ओसरीच्या कोपऱ्यात, सावलीत असे. त्यात रोप पंधरवडाभर तरी राही. कुणी विचारलं, टाकीत कधी लावणार, तर उत्तर ठरलेलं. "अजून नवीन हाय."

या तुरटीच्या पाण्याशी माझी गाठ पडली ती मुलगी बघायला गेलो तेव्हा. आम्ही तामलवाडीचे. सोबत माझे थोरले चुलते, आबा. आम्ही बसलो, पाण्याचे तांबे आले. आबांनी मोठा घोट घेतला आणि त्यांचं तोंड कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं झालं. पण पाहुणचाराला नावं ठेवायची नाहीत म्हणून त्यांनी घोट गिळला आणि मला डोळ्यांनी खुणावलं, पी. मीही प्यालो. जीभ टाळ्याला चिकटली.

आत स्वयंपाकघरात वेगळंच चाललं होतं. मामींनी चहा टाकला, दूध घातलं, चहा फाटला. दूध नासलं म्हणून शेजारून दुसरं आणलं, तेही फाटलं. भूमसारख्या दुधाच्या गावात, जिथं खव्याच्या भट्ट्या दिवसभर पेटलेल्या, तिथं पाहुण्यांसमोर दूध फाटावं याची मामींना इतकी लाज वाटली की त्यांनी शेवटी भरपूर साखर घालून कोरा चहाच पाठवला. आबांनी एक घोट घेतला आणि फार जपून म्हणाले, "पाणी जरा कडक दिसतंय तुमच्याकडचं."

"बोअरचं हाय," मामा म्हणाले आणि स्वतः कप तोंडाला लावला. मग कप खाली ठेवून ताडकन उठले.

"थांबा! कुणी पिऊ नका. हे झाडांचं हाय."

"झाडांचं म्हंजे?" आबांनी कप हातभर लांब धरला.

सकाळी पुडकं येणार म्हणून मामांनी एका घागरीत तुरटी विरघळवून ठेवली होती. धूळ पडू नये म्हणून वर झाकण घातलं आणि घागर नेऊन ठेवली पिण्याच्या पाण्याशेजारी. झाकलेली घागर म्हणजे प्यायचं पाणी, असं मामींनी धरलं. "तुरटीच हाय, इख न्हाय," मामा आबांना धीर देत म्हणाले. "आपण गढूळ पाण्यात फिरवतोच की. फक्त ही जरा जास्त हाय." एवढ्यावर थांबतील तर ते मामा कसले. त्यांनी आम्हाला ओसरीवर नेलं, पान उलटं करून दाखवलं, अंडी कशी ओळखायची ते समजावलं. मुलगी बघायचा कार्यक्रम बाजूलाच राहिला. तेवढ्यात दाराआडून कुणीतरी दाबून ठेवलेलं हसू फुटलं, आणि एकदा फुटल्यावर आवरेना. मी मुलगी आधी ऐकली, बघितली नंतर. होकार माझा ओसरीवरच झाला होता.

मामांचा होकार कसा आला ते बायकोनं पुढं सांगितलं. ते म्हणाले होते, "पोरगं औषध तोंड न वाकडं करता पितंय. ठेवून बघू."

लग्नानंतर पहिल्यांदा मुक्कामाला गेलो तर माझं अंथरूण ओसरीला लागून असलेल्या खोलीत होतं, खिडकीबाहेर ती बादली. मामी ताट वाढताना हळूच म्हणाल्या, "मनाला लावून घिऊ नका, जावईबापू. तुमीबी अजून बादलीतच." पुढच्या खेपांना मामा काम करताना मी पाटाशेजारी बसू लागलो. एके दिवशी त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला. जाड बुंध्याचं अनुबियास नावाचं पाणझाड होतं, दोऱ्यानं दगडाला बांधायचं. मी बुंधा वाळूत खुपसायला लागलो तर हात धरला. "मान बाहेर राहू द्या. मान गाडल्यावर कोण जगतंय का?" त्या रात्री माझं अंथरूण आतल्या खोलीत पडलं.

मग मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. ऑपरेशनचं नाव काढलं की चिडत. "जन्मभर दुसऱ्याला चिमटा लावला. मला कुणी लावायचा न्हाय." चष्मा कपाळावर चढवून पान नाकाला टेकवून बघू लागले. पुडकी येत राहिली, बादली भरत राहिली. कुणाला तपासू देत नसत. "मला दिसतंय," म्हणत.

एकदा दुपारी आम्ही दोघं अचानक भूमला गेलो. मामा आत घोरत होते. पुढच्या खोलीत मामी स्टुलावर उभ्या राहून चहाच्या गाळणीनं टाकीतलं काहीतरी गाळत होत्या. जवळ गेलो तर गाळणीत बारक्या बारक्या गोगलगाई.

"काय करायलीस आई?" बायकोनं विचारलं.

मामींनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. मागल्या खेपेच्या झाडावरनं आल्यात. ह्येंनीच तपासली ती. रोज ह्ये झोपले की मी काढते, तरी संपंनात."

"मग सांग की त्यांना."

"न्हाय सांगायचं." मामी स्टुलावरून उतरल्या. "नजर गेली तर हात धरून चालवीन. पण आपल्या हातनं रोग घरात आला, हे कळलं तर माणूस बसूनच जाईल."

टाकीच्या पाण्यावरून इतकी वर्षं करवादलेल्या मामी रोज दुपारची झोप मोडून त्या टाकीची राखण करत होत्या.

शेवटी उंबऱ्याला अडखळून पडले तेव्हा मामा ऑपरेशनला तयार झाले. सोलापूरला, लग्नानंतर आम्ही थाटलेल्या घरी राहून दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मामीही सोबत. भूमला शेजारी माशांना खाणं टाकत होते, पण गाळणी कोण धरणार? काळा चष्मा लावून मामा घरी परतले, पिशवी खाली ठेवायच्या आधी टाकीसमोर गेले आणि उभेच राहिले. काचेवर, पानांवर, दगडावर, जिकडं तिकडं गोगलगाई.

"ह्या कुठनं आल्या?"

मामांनी चष्मा काढला. काचेकडं बघितलं, मग ओसरीतल्या बादलीकडं, मग स्वतःच्या हातांकडं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत चाललेला मला दिसत होता.

"म्या टाकलं एक रोप," मामी दारातून म्हणाल्या.

"काय?"

"तुमी झोपला हुता. शेजारच्या बाईनं दिलं, म्या टाकलं. थेट."

"थेट?" मामांच्या आवाजात एकदम जीव आला. "बादलीत न ठेवता? धुतलं बी न्हाय?"

"न्हाय."

मग जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत चाललं. जनावरांच्या लाळ-खुरकत रोगापासून तुरटीपर्यंत सगळं मामांनी मामींना पहिल्यापासून शिकवलं. मामी खाली मान घालून ज्वारी निवडत राहिल्या. त्यानंतर दूधवाल्याला, भट्टीवाल्याला, घरी येईल त्याला मामा ही गोष्ट सांगत. "घरातलंच माणूस ऐकंना, तर गावाला काय म्हणायचं?" सांगताना इतके खुलत की जुना रुबाब परत आल्यासारखा वाटे. नव्या डोळ्यांनी त्यांनी टाकी महिनाभर खपून साफ केली, आणि मामी शेजारी बसून बोलणी खात राहिल्या.

गेल्या वर्षी पोळ्यानंतर मामा गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. दहाव्याला आसपासच्या खेड्यांतून माणसं आली. त्यांतल्या कित्येकांनी कधीकाळी जनावर थेट गोठ्यात बांधलं होतं, आणि रात्री-अपरात्री येऊन मामांनीच ते वाचवलं होतं. दवाखान्यातले त्यांचे एक जुने सोबती मामींसमोर बसले. डोळे पुसता पुसता त्यांना हसू आलं.

"काय हात होता त्यांचा. एवढ्या वर्षांत एक चूक न्हाय. घरात एकदाच गोगलगाई शिरल्या, त्याबी वहिनी, तुमच्यामुळं."

बायकोनं तोंड उघडलं. मामींनी तिच्याकडं एक नजर टाकली. पदर सारखा करून मामी पाहुण्यांकडं वळल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "माझीच चूक ती."