हलू नकोस, वसू

नेपरव्हिलच्या मराठी मंडळाने अवधूत कर्वेला गणपतीचे फोटो काढायला एकदाच बोलावलं. त्याने पळी-पंचपात्राचे आणि एका नारळाच्या शेंडीचे फोटो काढून दिले. नारळ अप्रतिम आला होता, पण मंडळाच्या अध्यक्षीणबाई एकाही फोटोत नव्हत्या. पुन्हा कोणी त्याच्या वाटेला गेलं नाही.

पुलांची डिझाइनं करून पोट भरणारा हा माणूस एम.एस. करायला इथे आला, तेव्हा लायब्ररीत त्याला रेंगर-पाट्श नावाच्या जुन्या जर्मन फोटोग्राफरने झपाटलं. त्या जर्मनाचं म्हणणं असं, की फोटोने चित्राची नक्कल करू नये, धूसर आणि गोड दिसायच्या मागे लागू नये. वस्तू जशी आहे तशी, तिच्या पोतासकट दाखवावी. त्यात ‘माणसं नकोत’ हे कलम अवधूतने आपल्या पदरचं घातलं, कारण माणसं हलतात.

बायको वसुधा पांढरा पुठ्ठा धरायची. खिडकीतला उजेड त्यावरून वस्तूच्या अंधाऱ्या बाजूला वळवायचा, एवढंच काम. फोडणी अर्धी टाकून ती यायची. “वसू, जरा बाहेर हो, सावली येतेय,” तो म्हणायचा, आणि ती बाहेर व्हायची. असा त्यांचा तीस वर्षांचा संसार.

आता तिची फुफ्फुसं निकामी होत आली होती. हॉलमध्ये खिडकीपाशी हॉस्पिटलचा पलंग आला होता, नाकात ऑक्सिजनची नळी होती. आता थोडेच दिवस, असं नर्स सांगून गेली होती. त्या दुपारी अवधूतने तळघरातली फोटोंची सगळी कपाटं उपसली. किसणी होती, नळाची तोटी होती, हिवाळ्यातलं कुंपण होतं. वसुधा कुठेच नव्हती. तो मटकन खाली बसला.

“बाबा, आईचा फोटो फोनवर काढा ना,” अ‍ॅशबर्नला राहणारी मुलगी प्रीता व्हिडिओ कॉलवर म्हणाली. “पोर्ट्रेट मोड लावला की मस्त येतो. व्हाय आर यू मेकिंग इट सो हार्ड?”

त्याने फोनवर काढून पाहिला. फोनने तिच्या सुरकुत्या पुसून टाकल्या. ती कोणीतरी दुसरीच बाई होती.

शेवटी त्याने तळघरातला लाकडी कॅमेरा वर आणला. वसुधाने मोत्यांच्या कुड्या मागून घेतल्या. पुठ्ठा खुर्चीला टेकवला, पण तो कुठे धरायचा हे तिलाच कळायचं. उजेड काही गालावर येईना. मग शटर चार सेकंद उघडं ठेवण्यावाचून इलाज नव्हता.

“हलू नकोस, वसू. श्वास धरून ठेव.”

बोलला आणि त्याने जीभ चावली. पण तिने मान हलवली आणि श्वास धरला. दुसऱ्याच सेकंदाला खोकल्याची उबळ आली. दुसरी फिल्मही तशीच गेली. ती घामाघूम झाली, ओठ निळे पडले, तेव्हा त्याने कॅमेऱ्यावर कापड टाकलं. लाज वाटत होती त्याला स्वतःची.

तळघरात फिल्म धुऊन त्याने दिव्यासमोर धरली. उशीची शिवण टाक्यान्‌टाका दिसत होती. नळीवरची अक्षरं वाचता येत होती. तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसता धूर होता. आयुष्यभर असल्या फिल्म त्याने कचऱ्यात टाकल्या होत्या. ही मात्र छातीशी धरून तो ढसाढसा रडला.

तो वर आला तेव्हा ती जागीच होती. “आला का?”

“आला.”

“काय दिसतंय?”

अवधूत तिच्या उशाशी बसला आणि तिच्याकडे बघत सांगू लागला. “डाव्या भुवईत जुनी खोक आहे. कुडीतला खालचा मोती पिवळा पडलाय. ओठाच्या कोपऱ्यात तीळ आहे. तो मी कधी पाहिलाच नव्हता.”

वसुधा क्षीण हसली. “तीस वर्षांत एका फोटोबद्दल इतकं चांगलं बोलला नाहीत तुम्ही. बिघडलाय ना?”

त्याने तिच्या नाकातली नळी नीट केली.

“असू दे. सांगत राहा.”

खिडकीतला उजेड उतरत चालला होता. अवधूतने खुर्चीवरचा पुठ्ठा उचलला, तिच्या अंधाऱ्या गालाशी धरला आणि कपाळापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.